दादरचं क्लिनिक, एडीएचडीची गोळी आणि एक वेंधळी बाई : आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. डॉक्टरांना विचारलं होतं रिव्ह्यू लिहू का, तर म्हणाले लिहा पण माझं नाव नको, आधीच अपॉइंटमेंटला महिना-दीड महिना लागतोय. दादर पश्चिम, फुलमार्केटच्या गर्दीतून जीव वाचवत बाहेर पडलात की सात-आठ मिनिटं चालत, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. लिफ्ट आहे पण आठ महिन्यांत ती चालू असलेली मी तरी बघितली नाही.

मी ३६ वर्षांची, राहायला भांडुप, नोकरी फोर्टला एका इन्शुरन्स कंपनीत, क्लेम्स डिपार्टमेंट. आमच्या घरी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाणारा, लहानपणापासूनचा त्रास) हा शब्द गेल्या वर्षापर्यंत कुणाला माहीत नव्हता, आमच्याकडे त्याला वेंधळेपणा म्हणतात. दूध उतू जाणं, लाईट बिल भरायचं राहणं, लोकलमध्ये छत्री विसरणं (गेल्या पावसाळ्यात चार, त्यातली एक शेजारच्या काकूंची), कुणी बोलत असताना मान हलवायची आणि शेवटी 'काय म्हणालात?' विचारायचं. ऑफिसमध्ये सगळ्या फाईल्स अर्ध्या उघड्या आणि शेवटच्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत बसून रडत रडत संपवायच्या. मला वाटायचं माझा स्वभावच आळशी आहे.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली तेही सांगते. एका ऑनलाईन सर्व्हिसचं पॅकेज घेतलं, २० प्रश्नांची टेस्ट, मग व्हिडीओ कॉल, कॉलवरच्या डॉक्टरांनी १२ मिनिटांत सांगितलं हो तुम्हाला एडीएचडी आहे. मी खूश, म्हटलं मग गोळी लिहून द्या. तर म्हणे ती आम्हाला ऑनलाईन लिहिता येत नाही! पैसे भरायच्या आधी हे कुठेच लिहिलं नव्हतं. नंतर कळलं की ते नियमानुसारच होतं, २०२० साली टेलिमेडिसिनच्या ज्या गाईडलाईन्स आल्या त्यात शेड्यूल एक्समधली (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांची यादी) आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवर किंवा व्हिडीओवर लिहून द्यायला मनाई आहे, आणि मिथाइलफेनिडेट म्हणजे एडीएचडीत नेहमी दिली जाणारी ती गोळी दोन्हीत बसते. त्यामुळे कुणी तुम्हाला घरबसल्या कॉलवर ही गोळी देतो म्हणत असेल तर तिथेच फोन ठेवा. आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय देणारा केमिस्ट भेटला तर त्याच्याकडून साधी क्रोसिन पण घेऊ नका.

मग ऑफिसमधल्या एकीने दादरचं सांगितलं. फोन केला फेब्रुवारीत, नंबर लागला महिनाअखेरीस. आदल्या दिवशी रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन, उद्या साडेसहा लक्षात आहे ना. अपॉइंटमेंटच्या दिवशी दुपारी चारला परत. मी म्हटलं ताई तुम्ही सगळ्यांना दोनदा करता का, तर म्हणाल्या, "सगळ्यांना नाही हो, तुमच्या लायनीतल्यांना करते." इतकी वर्षं माझ्यावर वैतागणारेच लोक बघितलेत, एवढ्या सहज कुणी सोय करून ठेवेल असं वाटलं नव्हतं.

साडेसहाची अपॉइंटमेंट, आत गेले सात पन्नासला. हे दर वेळचं आहे. वेटिंगमध्ये ८ खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेला. पण एकदा आत गेलात की डॉक्टर घड्याळ बघत नाहीत, माझ्यासोबत पहिल्या वेळी तासभर बसले, म्हणून तर बाहेरचे बोंबलतात.

आणि गोळी? नाही दिली. पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्या भेटीत पण नाही. मी भयंकर चिडले होते. पहिल्या दिवशी त्यांनी बीपी, पल्स, वजन घेतलं, घरात कुणाला हार्टचं काही आहे का विचारलं. बाबांना ४४व्या वर्षी अटॅक आला होता म्हटल्यावर ईसीजी आणि फिजिशियनकडून चिठ्ठी आणा म्हणाले. काचबिंदू, थायरॉईड, फिट्स, आधी कधी मूड खूप वर किंवा खूप खाली गेलेला, झोप किती, घोरता का, दारू-सिगरेट, इतर काय गोळ्या चालू आहेत, प्रेग्नन्सीचा विचार आहे का, सगळं. मी म्हटलं डॉक्टर याचा आणि लक्ष लागण्याचा काय संबंध. ब्लड रिपोर्ट आला तेव्हा संबंध कळला, हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टर म्हणाले, "९.८वर कुणाचंही डोकं चालणार नाही. आधी हे वर आणू, त्याने फरक पडला तर चांगलंच, नाही पडला तर मग बाकीचं बघू." सहा आठवडे लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन ११.४ झालं, जिने चढताना धाप लागायची कमी झाली, वेंधळेपणा तसाच.

मधल्या काळात तिथल्याच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दोन सेशन झाली. डिवा-५ नावाची लांबलचक मुलाखत असते (दिवा स्टेशनशी संबंध नाही, पण गर्दी तितकीच, प्रश्नांची). प्रत्येक लक्षणाबद्दल आत्ता कसं आहे आणि लहानपणी कसं होतं असं दोन्ही विचारतात, कारण नियम असा की लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून दिसायला हवीत, तिशीत अचानक उगवलेला विसराळूपणा म्हणजे एडीएचडी नाही, तो टेन्शन, डिप्रेशन, झोप, थायरॉईड कशानेही असू शकतो. त्या मॅडम म्हणाल्या लहानपणचं सांगणारं कुणी असेल तर घेऊन या. मी आईला नेलं. आईने पिशवीतून माझी प्रगतीपुस्तकं काढली, पहिली ते सातवी, सगळी जपून ठेवलेली, आणि शेरा दर वर्षी जवळपास तोच, 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वस्तू हरवते', 'बाकावर स्वस्थ बसत नाही'. बाईंची अक्षरं वेगवेगळी, वाक्य एकच. आई म्हणाली, "अहो मॅडम, हिला मी इतकं मारलंय ना ह्या पेन्सिलींवरून." आणि मग गप्पच बसली. घरी जाताना ट्रेनमध्ये पण बोलली नाही, भांडुप आल्यावर म्हणाली तुला वडापाव खायचाय का.

तर शेवटी एप्रिलमध्ये गोळी सुरू झाली. माझा डोस माझा, तुम्ही तो बघून काही करू नका, पण पद्धत सांगते कारण मला पद्धतच आवडली. १० मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, सकाळी नाश्त्यानंतर, आठवडाभर. मग पूर्ण. मग सकाळी एक आणि दुपारी एक, दुपारची दोनच्या आत. दर वेळी वाढवायच्या आधी बीपी-पल्स आणि एक छापील कागद भरून न्यायचा : गोळी किती वाजता, भूक, झोप, डोकं दुखलं का, चिडचिड, काम किती झालं. पहिला कागद मी हरवला. दुसरा पण. तिसऱ्या वेळी ताईंनीच सांगितलं फ्रीजवर चिकटवा आणि महिन्याशेवटी फोटो काढून आणा, कागद आणूच नका. ही आयडिया कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भारी निघाली.

पहिल्या दिवशी काय झालं सगळे विचारतात. काहीच नाही झालं. दुसऱ्या आठवड्यात, पूर्ण गोळीवर, एक मोटर क्लेमची फाईल घेऊन बसले आणि साडेअकराला बघितलं तर ती संपली होती, मधे चहाला उठले नव्हते, मोबाईल बॅगेतच होता. सहा पानी सर्व्हेयर रिपोर्ट मी सलग वाचला होता. बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले, खोटं कशाला बोलू.

पण हेही सांगते की त्याच्या पुढच्याच आठवड्यात गोळी घेतली आणि ऑफिसला पोचायच्या आधी ट्रेनमध्ये पितळी भांड्यांना कल्हई कशी करतात याचे व्हिडीओ बघायला लागले ते सीएसएमटी आलं तरी बघतेच आहे, उतरून बाकावर बसून अजून अर्धा तास. एकदम तल्लीन. लक्ष लागलं, पण कल्हईत! सायकॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या गोळीचा असर चढायच्या आधी काम समोर पाहिजे, म्हणून आता रात्रीच चिठ्ठीवर उद्याची तीन कामं लिहून गोळ्यांच्या डबीवर रबरबँडने लावते. त्यांची फी वेगळी आहे आणि मला सुरुवातीला ती उगाच वाटत होती, आता नाही वाटत.

डोस वाढवायचा प्रयत्न जूनमध्ये झाला, १५ आणि १५. बीपी ११८/७६ वरून १३४/८६, पल्स ९८, आणि रात्री दीडपर्यंत टक्क जागी. डॉक्टरांनी लगेच मागे आणला, परत १०-१०. मी म्हणत होते की काम पण जास्त होतंय, चालेल ना. "तुमच्या बाबांचा अटॅक विसरलात का," एवढंच बोलले. म्हणून म्हणते बीपीचं मशीन घरी घ्या, पण डोस स्वतःच्या मनाने वरखाली करू नका, बरं वाटतंय म्हणून दुप्पट नाही आणि रविवार आहे म्हणून बंद पण नाही, जे काय असेल ते विचारून. आणि छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, श्वास लागणं, भास होणं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं असलं काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं.

साईड इफेक्ट्स माझे : भूक मेली. दुपारी डबा उघडायची इच्छाच नाही, चार महिन्यांत साडेतीन किलो गेले. मैत्रिणी म्हणाल्या वा, आम्हाला पण दे. त्यातली एक तर सिरीयसली मागे लागली की मुलगा बारावीला आहे, नीटचा अभ्यास आहे, चार गोळ्या दे ना. नाही दिल्या. दुसऱ्याच्या हार्टचं मला काय माहीत, आणि कायद्याने पण गुन्हा आहे. न्यू जर्सीची चुलत बहीण म्हणाली तिथली अ‍ॅडेरॉल (एडीएचडीचीच दुसरी गोळी) आणते, ती पण नको म्हटलं, ती इथे विकायलाच परवानगी नाही. जेवणाचं डॉक्टरांनी सांगितलं की गोळीच्या आधीच पोटभर खा. आता सकाळी दोन थालीपीठं लोण्यासोबत, मग गोळी, आणि रात्री साडेआठला जेव्हा भूक परत येते तेव्हा नीट जेवण. आषाढीला उपवास म्हणून सकाळी नुसता चहा पिऊन गोळी घेतली, अकरा वाजता डोकं असं ठणकलं आणि हात थरथरले की साबुदाण्याच्या खिचडीने पण ऐकलं नाही. चहा-कॉफीने पण धडधड वाढते, त्यामुळे दिवसाचे पाच कटिंग आता दोनवर आलेत, हा खरं तर सगळ्यात मोठा त्याग. सर्दीची गोळी पण केमिस्टकडून अशीच घ्यायची नाही, नाक मोकळं करणारी काही औषधं बीपी वाढवतात, आमच्या भांडुपच्या डॉक्टरांना म्हणून मी सगळं सांगून ठेवलंय.

आणि संध्याकाळ. ही गोळी तीन-चार तासच टिकते, दुपारची उतरते साडेपाच-सहाला, म्हणजे बरोबर स्लो लोकलच्या गर्दीत. तेव्हा अशी चिडचिड व्हायची की घाटकोपरला चढणाऱ्या बायकांशी मी तीनदा भांडलेय, एरवी मी भांडणारी नाही. डॉक्टर म्हणाले हे होतं काही जणांना, लाँग अ‍ॅक्टिंग गोळीवर जाऊ शकतो, ती हळूहळू सुटते पण तोडायची-चावायची नाही, तसंच अ‍ॅटोमॉक्सेटिन नावाची दुसऱ्या प्रकारची कॅप्सूल असते, ती माझ्या गोळीसारखी स्टिम्युलंट म्हणजे उत्तेजक नाही, शेड्यूल एक्समध्ये नाही, पण पूर्ण असर कळायला चार-सहा आठवडे रोज घ्यावी लागते. माझ्या दादाला तीच चालू आहे (हो, मग त्याचीही तपासणी झाली, आमच्याकडे वेंधळेपणा वाटून घेतलेला आहे), त्याला सुरुवातीला मळमळ व्हायची, आता ठीक. मी अजून ठरवलं नाही, सध्या पाच वाजता शेंगदाण्याची चिक्की खाते आणि ट्रेनमध्ये कानात हेडफोन. बरंच कमी झालंय.

आता केमिस्ट. हा क्लिनिकचा दोष नाही पण सर्व्हिसचा भाग आहे म्हणून लिहिते. शेड्यूल एक्सची औषधं ठेवायला केमिस्टला वेगळं लायसन्स लागतं, औषध कुलुपात, रजिस्टरमध्ये नोंद, प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती, त्यातली एक केमिस्ट दोन वर्षं ठेवतो. भांडुपमध्ये पाच दुकानं फिरले, चौघांनी 'आपण ठेवत नाही' आणि पाचव्याने वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, जसं काही मी गर्दुल्ली आहे. शेवटी परळला हॉस्पिटलांच्या पट्ट्यात एक मिळाला, तो शांतपणे देतो, पण महिन्यातून एकदा त्याच्याकडेही स्टॉक नसतो, म्हणून आधी फोन. आता बघा ना, ज्या माणसाचा आजारच कागद हरवण्याचा आहे त्याला सरकार म्हणतं ओरिजिनल कागद दोन प्रतींत सांभाळ, दर महिन्याला नवा घे, आणि ठरावीक दुकानातच जा. नियम का आहे ते कळतं, गैरवापर होतोच, पण हसू येतं. जुलैमध्ये मी प्रिस्क्रिप्शन बेस्टच्या बसमध्ये विसरले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हटलं तर चालत नाही, परत दादर. डॉक्टरांनी फी घेतली नाही, फक्त रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं आणि पुढच्या वेळी असं झालं तर विचार करावा लागेल म्हणाले, तेही बरोबरच. तेव्हापासून ताई प्रिस्क्रिप्शन लाल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देतात आणि दारापर्यंत येऊन सांगतात, "घरी नाही, आत्ताच्या आत्ता परळ."

सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणं हा वेगळाच ताप. एकदा दोनदा घेतली गेली आणि दिवसभर हृदय कानात वाजत होतं, क्लिनिकला फोन केला तर दहा मिनिटांत डॉक्टरांचा परत फोन आला, बीपी मोजायला लावलं, संध्याकाळी परत विचारलं. त्यानंतर सात खणांची डबी, ६० रुपयांची. खण रिकामा म्हणजे घेतली. आठवत नसेल तर घ्यायची नाही, एक दिवस गेला तर गेला.

सासूबाईंना अजून 'डोक्याची गोळी' आवडत नाही, सवय लागेल म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले ठरलेल्या डोसात, लक्ष ठेवून घेतली तर ती भीती खूप कमी, आणि म्हणूनच मी एका वेळी ३० दिवसांच्याच गोळ्या लिहितो. सासूबाईंना हे उत्तर पटलं नाही पण लाईट बिल पाच महिने वेळेवर भरलं जातंय हे त्यांनीच मामेसासूबाईंना फोनवर सांगितलं, मी ऐकलं.

पैसे. पहिली भेट २५०० रुपये, नंतर दर वेळी १५००, सायकॉलॉजिस्ट वेगळे. गोळी त्यामानाने स्वस्त. इन्शुरन्सवाली असून सांगते, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं, पण बहुतेक पॉलिसीत ओपीडीच कव्हर नसते, त्यामुळे हे खिशातूनच जातं, आमच्याच कंपनीकडून मला छदाम मिळालेला नाही. परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे सगळीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे, खर्च अगदी कमी, फक्त सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस धरून चाला. फाईलची कॉपी मागितली तर द्यायला हवी, तो पेशंटचा हक्क आहे त्याच कायद्यात, इथे मी मागितली, दोन दिवसांत मिळाली.

रेटिंग ४/५. एक कापला तो वेटिंगसाठी, लिफ्टसाठी आणि टॉयलेटसाठी, जे खालच्या मजल्यावर आहे आणि चावी मागावी लागते. जाणार असाल तर प्रगतीपुस्तकं, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं आणि काहीतरी खायला घेऊन जा. आणि पावसाळ्यात गेलात तर दाराजवळ बादली आहे छत्र्यांची, निळी फुलाफुलांची दिसली तर ती माझी आहे, ताईंना सांगा मंगळवारी येतेय.